प्लगचा खिसा

हिल्का हार्कोनेनच्या कामाच्या डांगरीला उजव्या मांडीवर एक भलामोठा खिसा होता. दुकानात मिळणाऱ्या डांगरीला असला खिसा नसतो. तो तिने घरी शिवला होता, जुन्या तंबूच्या जाड कापडाचा, दुहेरी शिलाईचा, आणि असा ऐसपैस की अख्खा सलगम आरामात मावावा. कोर्पिव्हारा गावची माणसं विनोद जपून वापरतात, पण या खिशावर सगळ्यांनी सढळ हाताने खर्च केला. कुणी म्हणे, हिल्का त्यात नवऱ्याला ठेवते. कुणी म्हणे, नवरा नाही, नवऱ्याची दारूची बाटली. हिल्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हसा. टाळ्या वाजवून हसा. बोटं शाबूत आहेत तोवर टाळ्या वाजतात."

त्या खिशात प्लग असायचा. थ्री फेजचा, लाल रंगाचा, मुठीपेक्षा मोठा. तो होता लोकर फुंकायच्या यंत्राचा.

हिल्का आणि तिचा नवरा ओइवा लोकांच्या घरांच्या माळ्यावर लोकर फुंकायचे. मेंढीची नव्हे. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा करतात, आग आणि किडा लागू नये म्हणून त्यात टाकणखार मिसळतात, आणि त्याची जी करडी, मऊ लोकर होते ती गासड्यांमध्ये दाबून येते. हिवाळ्यात घरातली ऊब आधी छपरातून पळते, म्हणून तक्तपोशीच्या वर ही लोकर गुडघाभर पसरायची. गासडी फोडून यंत्राच्या तोंडात घालायची, आत पाती फिरतात, लोकर पिंजली जाते, पंखा तिला लांबच लांब नळीतून वर ढकलतो. खाली एक माणूस यंत्राला भरवायला, वर एक माणूस नळी धरायला. वर्षानुवर्षं खाली हिल्का आणि वर ओइवा.

त्याआधी हिल्काकडे गाई होत्या. गुडघ्यांनी दगा दिला, दूध काढायला वाकता येईना, तेव्हा तिने गाई विकल्या आणि तीन दिवसांत घर खायला उठलं. ओइवा तेव्हा जंगलात लाकूडतोडीवर होता. त्यालाही कंटाळा आला होता. दोघांनी मिळून एक वापरलेलं यंत्र घेतलं, गाडीमागच्या ट्रेलरवर बसवलं, आणि हिल्काने त्याचं नाव ठेवलं मान्सिक्की, तिच्या शेवटच्या गाईचं. ओइवा म्हणाला, "लोखंडाच्या डब्याला गाईचं नाव?"

"भरवायचं मलाच आहे ना? मग नावही मीच ठेवणार."

"दूध देईल का?"

"लाथ मात्र नक्की मारेल," हिल्का म्हणाली. "तू तिच्यापासून लांब राहा."

हे उगाच नव्हतं. ओइवा म्हणजे घाईचा पुतळा. चांगला माणूस, मनाने लोण्याहून मऊ, पण वाट बघणं त्याच्या रक्तातच नाही. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, पुरती तापायच्या आधी हा आत जाऊन बसणार, कॉफी गाळून व्हायच्या आधी हा कप पुढे करणार. यंत्र नुकतंच घेतलं होतं तेव्हा एकदा लोकर अडली, तर या पठ्ठ्याने ते चालू ठेवूनच आत बर्फावर घसरायच्या पट्ट्यांची काठी खुपसली. मान्सिक्कीने काठी कडाकड चावून खाल्ली आणि मूठ तेवढी ओइवाच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून हिल्काने त्याला यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. त्याची जागा माळ्यावर, आणि तिथे तो खरोखर वाघ होता. तुळयांवर फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचा, दोन तुळयांमधल्या पातळ तक्त्यावर कधी पाय द्यायचा नाही. धुराड्याभोवती आधी पत्र्याचं कुंपण उभं करायचा, लोकर तापलेल्या विटांना टेकू नये म्हणून. छपराच्या कडेला वाऱ्याची वाट मोकळी राहावी म्हणून पुठ्ठे ठोकायचा. नाकातोंडावर मुखवटा, कपाळावर दिवा. वर घाई चालतच नाही. अंधार आणि धूळ माणसाला आपोआप शहाणं करतात.

वरचा माणूस खालच्याला दिसत नाही, आणि पंख्याच्या घरघरीत हाका मारणं व्यर्थ. त्यातून करवतीच्या आवाजाने ओइवाचे कान जंगलातच अर्धे गेलेले. म्हणून सगळं बोलणं नळीतून. वरून एक हिसका आला की चालू कर, दोन आले की बंद कर. खालून तीन गेले की काहीतरी अडलंय, तू बस. हिल्का काम चालू असताना डावा पाय नळीवर ठेवून उभी राहायची, हिसका आला की तळव्याला कळावा म्हणून. हळूहळू तिला हिसक्यांवरून बाकीचंही कळायला लागलं. ओइवा दमलाय, ओइवाला भूक लागलीय, वर गांधीलमाश्यांचं पोळं सापडलंय, की ओइवा नुसताच खुशीत आहे. घरी दोघं तासन्‌तास बोलत नसत. लोक म्हणत, हार्कोनेनांचं पटत नाही वाटतं. लोकांना नळीबद्दल काय ठाऊक?

आता खिशाची गोष्ट.

पहिल्याच वर्षीच्या पानगळीत, थंडी पडायला लागली होती, हिल्काच्या हातात लाल हातमोजे होते, तिनेच विणलेले. गासडीचं एक मोठं ढेकूळ तोंडाशी अडून बसलं. गाय चारा तोंडात धरून उभी राहिली की हिल्का तिला हाताने पुढे सारायची. सवयीने हात गेला. पात्याने हातमोजा धरला आणि ओढला. हातमोजा सैल होता म्हणून हात सुटून बाहेर आला. हिल्का आपल्या हाताकडे बघत राहिली. तो तिच्याच मनगटाला होता, पण तिचा विश्वास बसेना. यंत्र बंद करायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात शिडीवरून ओइवा खाली आला. आला म्हणजे पडलाच म्हणायचा, शेवटच्या पायऱ्या त्याने घेतल्याच नाहीत. मुखवटा गळ्यात लोंबतोय, तोंडावर करडी धूळ. त्याने आधी बटण बंद केलं, मग तिचा हात धरून उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. मग ट्रेलरच्या दांडीवर बसला. बाहीने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "नेहमी सैलच विणत जा," आणि हसला, आणि उठून वर गेला.

त्या संध्याकाळी हिल्काने खिसा शिवला. नियम स्वतःच घातला आणि स्वतःच पाळला: अडलं की बटण बंद, प्लग उपटायचा, प्लग खिशात, पाती थांबलेली डोळ्यांनी बघायची, मगच हात. प्लगची यंत्राकडची वायर आखूड, भिंतीपासून येणारी लांब जोडवायर वेगळी, त्यामुळे प्लग खिशात असेपर्यंत माणूस यंत्राला बांधलेला. कॉफी प्यायलाही जाता येत नाही. ओइवा म्हणायचा, "बटण बंद केलं की झालं ना? बांधून काय घेतेस? खुंट्याला तू, गाय मोकळी!" हिल्का प्लग खिशात आणखी खोल दाबायची. तिला वाटायचं, हा विसरला. हातमोजा माझा गेला, भीती माझी होती, याला काय. त्या दिवसाबद्दल ओइवाने पुन्हा अवाक्षर काढलं नव्हतं.

वर्षं गेली. कोर्पिव्हारात आणि आसपासच्या तळ्यांकाठी जेवढी घरं आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर हार्कोनेनांची लोकर आहे. माझ्याही आहे. मग गेल्या वसंतात ओइवाचा पाय फळीवरून सुटला.

निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंचं घर. बाई स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप पीत बसल्या होत्या. वरून तक्ता फोडून एक पाय खाली आला, मांडीपर्यंत, पायात राखाडी मोजा आणि मोज्याला भोक. बाईंनी वर पाहिलं आणि विचारलं, "कॉफी टाकू का?" ही गोष्ट गावात अजून सांगतात आणि सांगणारा हसून बेजार होतो. हिल्का हसली नाही. तिने तो पाय सोडवला, नवऱ्याला पाठीला आधार देत शिडीवरून उतरवलं, आणि दवाखान्यात नेलं. गुडघा भरून येईल, डॉक्टर म्हणाली, पण कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते बिघडलंय. आता माळा बंद.

"मग मान्सिक्कीला विकू," गाडीत बसताना ओइवा म्हणाला. एवढंच. पण घरी आल्यावर तो खिडकीत जाऊन बसला आणि बसूनच राहिला. उन्हाळा आला, तळ्यावर माणसं पोहायला लागली, हा खिडकीत. मासे धरायला जात नाही, सौना तापवायला उठत नाही. ज्या माणसाला कॉफी गळायची वाट बघवत नव्हती त्याचा कप समोर गार व्हायला लागला. हिल्काला ते बघवेना.

एक दिवस तिने त्याची डांगरी शिवणयंत्रावर घेतली आणि उजव्या मांडीवर खिसा बसवला. तंबूचं कापड अजून शिल्लक होतं.

"हे काय?" ओइवाने विचारलं.

"आता मी वर, तू खाली."

"तुझे गुडघे?"

"माळ्यावर रांगावंच लागतं. रांगायला माझे गुडघे चालतात, वाकायला चालत नाहीत."

ओइवाने डांगरी अंगावर चढवली, खिशात हात घातला, कोपरापर्यंत गेला. "कांगारू," तो म्हणाला. किती दिवसांनी तो हसला होता. "यात पिल्लू कधी येणार?"

"ओइवा, इकडे बघ. अडलं की काय करायचं?"

"बटण, प्लग, खिसा, पाती, हात. अगं, मी काय बहिरा आहे?" मग स्वतःच म्हणाला, "बरं, आहे. पण वेडा नाही."

हिल्काला रात्रभर झोप नाही. वर गेल्यावर तिला यंत्र दिसणार नव्हतं, ओइवा दिसणार नव्हता, नुसती नळी. तिने त्याला खिडकीतून उठवलं होतं खरं, पण उठवून बसवलं कुठे? जिथे घाई केली तर हात जातो तिथे. ती नसताना तो नियम पाळेल याची तिला खात्री नव्हती. खरं सांगायचं तर, पाळणार नाही याचीच होती.

अदलाबदलीनंतरचं पहिलं काम सुलो पुरानेनचं निघालं. सुलो तळ्यापलीकडचा शेजारी, एकटाच राहणारा, भिडस्त. सुलोला काही हवं असलं तर तो मागत नाही, आणि तुम्हाला काही हवंय असं त्याला वाटलं तर विचारत नाही, करून टाकतो. आमच्याकडे सगळेच थोडेफार असे. कामात असलेल्या माणसाला हाक मारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं. पण सुलो म्हणजे कळस. शेजारणीच्या दारातला बर्फ तो पहाटे ती उठायच्या आत उपसतो, का तर तिला आभार मानायचा त्रास नको.

सकाळी सुलोने लाकडाची शेड उघडून भिंतीवरची पेटी दाखवली. "इथून करंट घ्या. विहिरीचा पंपही यावरच आहे, पण दोन्ही चालतं. फ्यूज उडाला तर हा खटका वर करायचा."

"उडणार नाही," ओइवा म्हणाला. तो खुशीत होता, टोपी मागे सारलेली, गासड्या ट्रेलरवर रचून झाल्या होत्या.

"गासडीचं प्लॅस्टिक नीट काढ," हिल्का म्हणाली. "एक पट्टी आत गेली तरी अडेल."

"हो बाईसाहेब."

"नळीवर पाय ठेव."

"हो बाईसाहेब."

"आणि प्लग..."

"वर जातेस का आता? हिवाळा तोंडावर आलाय!"

ती शिडी चढून भिंतीतल्या झडपेतून आत गेली. फळ्या टाकल्या, धुराड्याला कुंपण केलं, पुठ्ठे ठोकले. ओइवा जे वर्षानुवर्षं करायचा ते तिने त्याच क्रमाने केलं, कारण त्याने घरी खडसावून पाठ करून घेतलं होतं. मग तिने नळी काखेत धरली आणि एक हिसका दिला.

पंखा घरघरला, नळी जिवंत झाली, लोकर यायला लागली. हिल्काने ती वरून पडताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. दिव्याच्या उजेडात ती हळू बसत होती, कोपऱ्यांत, तुळयांवर, सगळीकडे सारखी. तिला वाटलं, हा इतकी वर्षं हे एकटा बघत होता आणि कधी बोलला नाही, लबाड. काम छान चाललं होतं. खालून भरणं एकसारखं होतं, ना घाई ना खंड. अर्धा माळा झाला तेव्हा तिच्या मनातली गाठ थोडी सैल झाली.

आणि पंखा बंद पडला. पडताना त्याने हुंकार दिला. हिल्काला तो हुंकार ठाऊक होता. काहीतरी अडकलंय, मोटरला जोर लागलाय, फ्यूज उडालाय. थोड्याच वेळात खालून तीन हिसके आले. अडलंय, तू बस.

ती बसली. मुखवटा खाली करून श्वास घेतला. आता तो बटण बंद करत असेल, आता प्लग उपटत असेल. की नसेल? यंत्र आपोआप मेलंय, मेलेल्या यंत्राचा प्लग कशाला उपटायचा, असं तर म्हणत नसेल? तिला बसवेना. ती रांगत झडपेपर्यंत गेली आणि डोकं बाहेर काढलं.

खाली ट्रेलरवर ओइवा यंत्राच्या पलीकडच्या बाजूने वाकला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत मान्सिक्कीच्या तोंडात होता. गाल पत्र्याला टेकलेला, जीभ दातांत धरलेली, कानांवर आवाज रोखणारे मोठे डबे. झडपेतून त्याच्या कंबरेखालचं काही दिसत नव्हतं. यंत्राचं बटण मात्र दिसत होतं, अलीकडच्या बाजूला, आणि ते चालूवर होतं.

"ओइवा!" तिने हाक मारली. तो हलला नाही.

त्याच वेळी घराचं दार उघडलं आणि सुलो बाहेर आला. त्याच्या हातात कॉफीचं रिकामं भांडं होतं. त्याने नळ सोडून पाहिला असणार, पाणी आलं नसणार. त्याने ओइवाकडे नजर टाकली. माणूस कामात आहे, त्याला कशाला विचारा. सुलो भांडं घेऊन शेडकडे चालू लागला.

"सुलो! सुलो, थांब! हात लावू नकोस!"

पण शेडमध्ये रेडिओ लागलेला होता आणि सुलो आत गेला होता. हिल्काने शिडीवर पाय टाकला. पाय शिडीवर होते की हवेत हे तिला कळत नव्हतं. अर्ध्यावर असताना तिने तो आवाज ऐकला. विहिरीचा पंप गुरगुरून सुरू झाला. करंट आला होता.

तिने डोळे मिटले. शिडीला मिठी मारून ती तशीच उभी राहिली, आता किंकाळी येईल म्हणून. सगळ्या अंगाचा कान झाला होता.

पंप गुरगुरत राहिला. दुसरं काहीच ऐकू आलं नाही.

तिने डोळे उघडले. ओइवा तसाच वाकलेला होता. मग तो हळूच सरळ झाला, हात बाहेर आला, अख्खा, पाचही बोटांनिशी, आणि बोटांत प्लॅस्टिकची एक लांब, चुरगळलेली पट्टी. ओइवाने ती वर धरून पाहिली आणि खूश झाला. हिल्का उतरली, ट्रेलरला वळसा घालून पलीकडे गेली. ओइवाच्या डांगरीच्या उजव्या मांडीवरून काळी वायर निघाली होती आणि यंत्रापर्यंत ताणली गेली होती. खिसा फुगलेला होता. तिने वरून हात लावला. आत तो लाल, कठीण प्लग होता.

"अगं, काय झालं?" ओइवाने कानांवरचे डबे काढले. "तू खाली कशी? मी तीन दिले होते."

 हिल्काने पंपाकडे बोट दाखवलं. ओइवाने कान देऊन ऐकलं, मग शेडकडे पाहिलं, मग बटणाकडे. त्याचा चेहरा लोकरीसारखा करडा झाला.

शेडमधून सुलो बाहेर आला, समाधानाने. "पाणी आलं. फ्यूज उडाला होता, मी केला वर. कॉफी होईलच आता."

"सुलो पुरानेन!" हिल्काचा आवाज तळ्यापलीकडे गेला असेल. "विचारता येत नाही तुला? तोंड दिलंय ना देवाने? याचा हात आत होता! आत!"

सुलो भांडं छातीशी धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. "मी म्हटलं, तुम्ही कामात," तो पुटपुटला, "म्हटलं, उगीच कशाला..." आणि मग त्याला सगळं उमगलं आणि तो आपल्याच अंगणात दगडावर बसला. थोड्या वेळाने तो उठला, शेडमध्ये गेला, फ्यूजचा खटका खाली पाडला आणि आपली लोकरीची टोपी त्यावर अडकवून आला. त्या दिवशी पुढे काम चालू असतानाही ती टोपी त्याने काढली नाही, पेटीवरच राहू दिली. वारा बोचरा होता आणि सुलोला केस नाहीत, पण टोपी परत घ्यायला तो तयार होईना.

कॉफी शेवटी तळ्याच्या पाण्यावर झाली. सुलो आत वेलदोड्याचा पाव कापत होता, जाडजाड, जसा काही त्याने गुन्ह्याचा दंड भरायला घेतला होता. हिल्का आणि ओइवा ट्रेलरच्या दांडीवर बसले होते. बटण तिने स्वतः बंद केलं होतं. प्लग अजून ओइवाच्या खिशातच होता, त्यामुळे त्याला तिथून हलता येत नव्हतं आणि तिला हलायचं नव्हतं.

"बटण विसरलास," ती म्हणाली.

"विसरलो. आपोआप बंद पडलं ना, तेव्हा..."

"मग प्लग कसा नाही विसरलास? यंत्र मेलेलं, मी वर, बघायला कुणी नाही. तू तर हसायचास त्याला. खुंट्याला तू, गाय मोकळी, म्हणायचास."

ओइवाने कॉफीचा घोट घेतला. त्याने कप दोन्ही हातांत धरला होता आणि कॉफी अजून चांगली कढत होती, तरी या वेळी तो घाई करत नव्हता.

"लाल लोकर तू नव्हती पाहिलीस," तो म्हणाला.

"कुठली लाल लोकर?"

"तुझ्या हातमोज्याची. तू खाली होतीस. मी वर होतो. करडी लोकर येत होती, आणि तिच्यात एकदम लाल यायला लागलं. थोडं आलं, मग आणखी आलं. दिव्यात ते ओलं दिसत होतं, हिल्का." त्याने कप हातात फिरवला. "शिडी उतरून खाली येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं की हातमोजा आहे."

हिल्काने त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की तो दिवस तिचा एकटीचा आहे.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलू? तू खिसा शिवलास. मी म्हटलं, झालं." त्याने कप खाली ठेवला. "आज तुला वर तसलं काही दिसू नये, एवढंच होतं डोक्यात. बटण राहिलं त्या नादात."

तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. ओइवाने तिचा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि आपल्या गुडघ्यावर ठेवून दिला. सुलो पावाची ताटली घेऊन दारात आला, दोघांना तसं बसलेलं पाहिलं, आणि त्रास नको म्हणून परत आत जायला वळला.

"सुलो!" ओइवा ओरडला. "विचार! आता तरी विचार!"

सुलो दारातच घुटमळला. "पाव," तो मोठ्या कष्टाने म्हणाला, "देऊ का?"

"दे!" दोघं एकदम म्हणाले.

मग काम पुढे सुरू झालं, कारण अर्धा माळा उघडा टाकून कुणी घरी जात नाही. ओइवाने सुलोला हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि खटका त्याच्याच हाताने वर करायला लावला, आधी तीनदा विचारायला लावून. हिल्का पुन्हा वर गेली, मुखवटा चढवला, नळी काखेत धरली. हिसका द्यायच्या आधी तिने नळी किंचित ओढून पाहिली. ती खाली कशाच्या तरी भाराखाली होती, सरकत नव्हती. ओइवाने नळीवर पाय ठेवला होता.